ओटीपी कुणी सांगितला?

दिवाळीच्या आधीच्या रविवारी रानडे रोडवर पाय ठेवायला जागा नसते. अशाच दादरमधल्या एका बाईचं उदाहरण घेऊ. नोकरी तिची, क्रेडिट कार्ड तिच्या नावावर, पण ते असतं नवऱ्याच्या पाकिटात. ती ऑफिसात असताना मोबाइलवर ओटीपी येतो आणि पाठोपाठ त्याचा फोन येतो : "आकडा सांग." कशासाठी, असं विचारलं तर रात्री काय होईल हे तिला पाठ आहे. ती आकडा सांगते. बिल तिच्या नावावर येतं, थकलं की वसुलीवाल्यांचे फोनही तिलाच येतात आणि सिबिलमध्ये पत घसरते तीही तिचीच.

याला चोरी म्हणायचं की संसार? बँकेच्या लेखी हा ग्राहकाचा निष्काळजीपणा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017च्या परिपत्रकाप्रमाणे, बाहेरच्या भामट्याने पैसे काढले आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तोटा तुमच्यावर येत नाही. पण गोपनीय आकडा तुम्हीच दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा तुमचा. नियम चुकीचा नाही, पण तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोरचा चोर दूर कुठेतरी बसून फोन करणारा होता. शेजारच्या उशीवर झोपणारा चोर त्याच्या हिशेबात नव्हता. ॲड-ऑन कार्डाचंही तेच : खर्च कुणीही करो, देणं मूळ कार्डधारकाचं.

कायद्याला मात्र हा चोर कधीच दिसला होता. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीच्या जोडीला आर्थिक छळाचा स्पष्ट उल्लेख आहे. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या बाईलाही तो लागू होतो. कलम 18खाली दंडाधिकारी नवऱ्याला बँक खाती आणि लॉकर वापरण्यापासून रोखू शकतात, तर कलम 20खाली नुकसानीची रक्कम द्यायला लावू शकतात. ब्रिटनच्या घरगुती अत्याचार कायद्यात आर्थिक छळ आला तो 2021 साली. म्हणजे या बाबतीत आपण सोळा वर्षं पुढे होतो. फरक एवढाच, की तिथल्या बँकांनी 2018मध्येच अशा ग्राहकांशी कसं वागायचं याची स्वतःची आचारसंहिता केली होती. आपल्याकडे न्यायालयाला जे कळतं ते शाखेतल्या काउंटरपर्यंत पोचत नाही.

बायकोच्या पैशावरचा हक्क हा मुंबईचा जुनाच खटला. गिरगावच्या रखमाबाईंवर त्यांचे पती दादाजी भिकाजींनी 1884 साली नांदायला येण्यासाठी दावा लावला, तेव्हा दादाजींची नजर बायकोच्या मालमत्तेवर आहे, असं रखमाबाईंच्या बाजूचं म्हणणं होतं. 1887मध्ये हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. 1888मध्ये दादाजींनी 2,000 रुपये घेऊन दावा सोडला.

स्त्रीधनावर नवऱ्याची मालकी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985मध्ये प्रतिभा राणी खटल्यात ठणकावून सांगितलं. पण पाटल्या विकून झाल्या की निदान विषय तरी संपायचा. कार्डात बाईचे अजून न झालेले पगार गहाण पडतात, तेही महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपासच्या व्याजाने. घर सोडून माहेरी गेली तरी हप्ता मागोमाग येतो. वर सासूबाई ऐकवतात, "नवरा-बायकोत कसलं आलंय तुझं-माझं?" हे वाक्य कर्ज काढतानाच का आठवतं, फ्लॅटच्या कागदावर नाव घालताना का नाही, हे एकदा विचारून बघावं.

2019–21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे 79 टक्के स्त्रियांनी आपण स्वतः वापरतो असं बँक खातं असल्याचं सांगितलं. चांगलीच गोष्ट आहे. त्या खात्याचा पासवर्ड आणखी कुणाला ठाऊक आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

करता येण्यासारखं बरंच आहे, फक्त क्रम सांभाळावा लागतो. आधी स्वतःची सुरक्षितता, कारण कार्ड बंद झाल्याचं कळलं की हात उठू शकतो. मग कार्ड ब्लॉक करायचं, ॲड-ऑन रद्द करायचं, नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ईमेल बदलायचा आणि हे सगळं बँकेला लेखी कळवून तक्रार क्रमांक घ्यायचा. कळवल्यानंतर झालेल्या अनधिकृत व्यवहाराचा तोटा त्याच 2017च्या परिपत्रकानुसार बँकेचा असतो. सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळणारा अहवाल मागवला, तर आपल्या नावावर नकळत काढलेली कर्जंही सापडतात. ही कागदपत्रं दंडाधिकाऱ्यांपुढच्या अर्जाला जोडता येतात. 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे. 1975पासून काम करणारी स्त्री मुक्ती संघटना दादरचीच, आणि ती समुपदेशन केंद्रंही चालवते. चार लोकांत बोभाटा होईल म्हणून गप्प बसलं, तर थकबाकी तेवढी वाढत जाते.

दिवाळी अंक वाचणाऱ्यांत बँकेतली माणसं पुष्कळ असतात, म्हणून त्यांना एक विनंती. एखादी बाई एकटीच नंबर बदलायचा अर्ज घेऊन आली, तर तो मुकाट्याने घ्या. वर्षानुवर्षांची ओळख आहे म्हणून खात्री करायला तिच्या नवऱ्याला फोन लावू नका.