पेनिसिलिन कोणी बनवायचे?

बेन्झाथीन पेनिसिलिनची बारा लाख युनिटची कुपी उजेडात धरली की तळाशी थोडी पांढरी पूड दिसते. परिचारिका तिच्यात डिस्टिल्ड वॉटर सोडून कुपी हलवते, तेव्हा दुधासारखे दाट पाणी तयार होते. सुई जाड लागते, बारीक सुईत औषध अडकते. इंजेक्शन इतके दुखते की पुढच्या खेपेला मूल दवाखान्याच्या दारातच रडायला लागते. तरीही ऱ्हुमॅटिक तापाने ज्याच्या हृदयाच्या झडपांना धोका आहे, त्या मुलाला ते दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. घसा धरण्यापासून सुरू होणारा हा आजार दाटीवाटीच्या घरांतला. चाकण-महाळुंग्याच्या कंपन्यांभोवती भाड्याच्या एकाच खोलीत अख्खे कुटुंब राहते, तिथे अशा आजाराला वाट मोकळी असते.

देशातले पेनिसिलिन याच पट्ट्यात, पिंपरीत, जन्माला आले होते. ते बनवणारी कंपनी कागदोपत्री हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड, पिंपरीकरांच्या तोंडी 'एच.ए. कंपनी'. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने केंद्र सरकारने ती उभारली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन बाहेर पडू लागले. औषधनिर्मितीतली ही देशातली पहिली सरकारी कंपनी. तेव्हा ना टेल्को इथे आली होती, ना चाकणचे मोटारींचे कारखाने. एच.ए.मध्ये निव्वळ उत्पादन नव्हते, संशोधनही होते. डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जीवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. त्या जीवाणूचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या गावाचे नाव सूक्ष्मजीवशास्त्रात कोरले गेले आहे, हे इथल्या किती शाळांत सांगितले जाते?

पुढची कथा दुःखाची आहे. आयात खुली झाली, स्वस्त चिनी पेनिसिलिन आले, एच.ए.ची यंत्रे जुनी होत गेली आणि नव्वदच्या दशकात कंपनी आजारी ठरली. देशातले पेनिसिलिनचे कारखानेही एकामागून एक थंडावले. २०१६ च्या जानेवारीत एच.ए.च्या मैदानावर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनीची जादा जमीन विकून देणी फेडायची आणि नंतर कंपनीही विकायची, असा निर्णय घेतला. कामगारांचे थकलेले पगार आणि स्वेच्छानिवृत्ती यांसाठी २०१९ मध्ये पुन्हा मंत्रिमंडळालाच पैसे द्यावे लागले. एच.ए.चा कारभार निर्दोष होता, असे मी म्हणणार नाही. पण या सगळ्या काळात चर्चा जमिनीची आणि देण्यांची झाली. जे औषध नफ्याचे नाही पण ज्यावाचून माणूस दगावतो, ते कोणी बनवायचे, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

वैद्यकातील नीतीविषयी परिसंवाद होतात तेव्हा जनुकसंपादन आणि सरोगसीवर भरभरून बोलले जाते. ते विषय महत्त्वाचेच आहेत. परंतु रोजच्या मरणाशी ज्याची गाठ पडते, तो प्रश्न प्रतिजैविकांचा आहे. या औषधांचा बाजाराशी मूळचाच विरोध आहे. नवे प्रतिजैविक जपून, क्वचितच वापरावे, नाहीतर जंतू त्याला सरावतात. बनवणाऱ्याला मात्र ते भरपूर खपायला हवे असते. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिन या नव्या प्रतिजैविकाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. जुन्या औषधांची अडचण निराळी. ती इतकी स्वस्त असतात की बनवायला कोणी उरत नाही. गरोदर स्त्रीकडून बाळाला होणारा सिफिलिस रोखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना बेन्झाथीन पेनिसिलिनचीच शिफारस करते, आणि त्याचाच तुटवडा जगभर वारंवार पडत आला आहे.

कोणी म्हणेल, २०२४ मध्ये काकीनाड्याला पेनिसिलिन-जीचा मोठा खाजगी कारखाना सुरू झाला, आता काळजी कसली? तो झाला याचा मला आनंद आहे. पण तोही सरकारी प्रोत्साहन योजनेच्या आधारावर उभा आहे. उद्या आयात पुन्हा स्वस्त झाली तर मालकाला उत्पादन थांबवण्याचा अधिकार आहे, आणि त्यात त्याचा दोषही नाही. मुलाच्या झडपांना मात्र पुढच्या महिन्याची सुई चुकवता येत नाही. दुसरा आक्षेप असा की सरकारी कारखाने तोट्यातच जातात. अग्निशमन दलाच्या ताळेबंदात नफा शोधायला आपण जात नाही. २०१३ मध्ये सरकारी कंपन्यांच्या १०३ औषधांना सरकारी खरेदीत प्राधान्य देणारे धोरण आले, पण खरेदीच्या धोरणाने जुनी यंत्रे नवी होत नाहीत.

पेनिसिलिन ही बुरशीची शेती आहे. शुद्ध मूळ बुरशी जपायची, ती टाकीत वाढवायची, हवा निर्जंतुक ठेवायची, एक परका जंतू शिरला तर अख्खी खेप ओतून द्यायची. घरात विरजण मोडले तर शेजारून वाटीभर मागून आणता येते. हे विरजण मोडले तर शेजारीच उरत नाही. टाकीचा वास घेऊन खेप बिघडली की नाही ते ओळखणारे हात निवृत्त होतात, आणि ते ज्ञान कुठल्याही निविदेत विकत मिळत नाही.

म्हणून पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या मतदारांना, इथल्या डॉक्टरांना आणि कामगार संघटनांना माझी विनंती आहे. एच.ए.च्या जमिनीचा व्यवहार जेव्हा जेव्हा पुढे येईल तेव्हा भावाआधी एक मागणी करा: त्या पैशांतून सरकारी मालकीची पेनिसिलिनची एक टाकी पिंपरीत पुन्हा चालू व्हावी, आणि ती कधीही विक्रीला काढू नये.