गाळलेले अक्षर

जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाची ‘ला दिस्पारिसिओं’ ही कादंबरी १९६९ साली प्रसिद्ध झाली. सुमारे तीनशे पानांच्या या कादंबरीत रोमन वर्णमालेतले पाचवे अक्षर एकदाही येत नाही. आणि फ्रेंचमध्ये सर्वांत अधिक वापरात असलेले अक्षर नेमके तेच. आंतों व्हॉयल नावाचा गृहस्थ नाहीसा होतो, मित्र त्याचा शोध घेतात, आणि रहस्याच्या जवळ जाणारा एकेक जण मरतो. पुस्तकात पाचवे प्रकरणही नाही. १९६० साली रेमों केनो आणि फ्रांस्वा ल लिओने यांनी स्थापलेल्या ‘उलिपो’ मंडळाचा पेरेक सदस्य होता. स्वतःवर कठोर बंधने लादून लिहिणे हे या मंडळींचे व्रत.

मला फ्रेंच येत नाही. गिल्बर्ट अडेअर यांनी १९९४ साली केलेला इंग्रजी अनुवाद मी वाचला. त्यांनीही तेच अक्षर वर्ज्य केले आहे. मी हाती पेन्सिल घेऊन बसलो होतो; कुठे तरी ते अक्षर निसटले असेल, या आशेने. सापडले नाही. पुष्कळदा हसलो, थक्क झालो, आणि पुस्तक मिटून ठेवले.

पेरेकचे आईवडील पोलंडहून आलेले ज्यू होते हे पुढे कळले. वडील १९४० मध्ये फ्रेंच सैन्यातून लढताना गेले. आईला १९४३ मध्ये आउशविट्झला पाठविण्यात आले. तिच्याविषयी सरकारने मुलाला दिलेल्या दाखल्यावर ‘दिस्पारिसिओं’ हाच शब्द होता. त्या अक्षरावाचून फ्रेंचमध्ये आई लिहिता येत नाही, वडील लिहिता येत नाहीत, लेखकाला स्वतःचे नावही लिहिता येत नाही. शिवाय फ्रेंच कानाला त्या अक्षराचा उच्चार ‘त्यांना’ या अर्थाच्या शब्दाच्या अगदी जवळचा वाटतो. पेरेकचे १९७५ चे आत्मकथनपर पुस्तक त्या एका अक्षरालाच अर्पण केलेले आहे.

मग मी पेन्सिलीने काय शोधीत होतो? एखाद्याच्या दुःखाला खेळ समजून हसलो, हा अपराध खरा. पण तो सर्वस्वी माझा म्हणता येत नाही. लेखकानेच खेळ मांडला होता आणि पुस्तक खरोखरच विनोदी आहे. आता सुतकी चेहऱ्याने ते वाचणे हीदेखील एक प्रकारची प्रतारणाच. अनुवादाचा प्रश्न याहून बिकट. इंग्रजीत ते अक्षर गाळले की आई-वडील जातात, पण ‘त्यांना’चा ध्वनी उरत नाही. १९९७ च्या स्पॅनिश अनुवादकांनी तर वर्णमालेतले पहिलेच अक्षर गाळले. तिथेही आई-वडिलांचे शब्द जातात. शब्दशः निष्ठा सोडून त्यांनी उणिवेशी निष्ठा ठेवली, आणि मला तीच अधिक खरी वाटते. केवळ मूळ अक्षर सांभाळण्यात काय हशील?

मराठीत कोणते अक्षर गाळावे? आपला सर्वांत व्यापक स्वर ‘अ’ हा व्यंजनातच मुरलेला. त्याला चिन्ह नाही, त्यामुळे तो गेला तरी डोळ्यांना त्याची रिकामी जागा दिसणार नाही. उरतो ‘आ’ आणि त्याचा काना. तो काढला की आई, बाप, माझा, नाव, भाषा, आठवण, सारे जाते; खुद्द ‘मराठी’ही जाते. ‘वडील’ तेवढे राहतात. एका दुपारी या नियमाने मी एक परिच्छेद लिहू लागलो. दुसऱ्याच ओळीत आईचा उल्लेख आला. ‘जननी’ लिहिता आले असते. पण मी कधीही कोणाला त्या नावाने हाक मारलेली नाही. तो कागद तसाच अर्धा पडून आहे.