बायोडेटात किती खरे लिहावे?

प्रिय धर्मग्रामस्थांनो,

डिप्लोमा आणि आयटीआयचे निकाल लागले की आपल्या घराघरांत एक कागद तयार होऊ लागतो. कोणी त्याला बायोडेटा म्हणते, कोणी रेझ्युमे. मुलगा तो मित्राकडून घेतो, नाव आणि जन्मतारीख बदलतो आणि बाकीचे तसेच ठेवतो. मग कोणीतरी जाणता सल्ला देतो, "एक वर्षाचा अनुभव टाक. कोण बघायला येतो?" काकांच्या गाळ्याचे लेटरहेड मिळते, त्यावर सही-शिक्का होतो आणि कागद पूर्ण होतो.

यात कोणाचे काय बिघडले, असे तरुण मुले मला विचारतात. 'खोटे बोलणे पाप आहे' एवढ्या एका ओळीत त्यांना उत्तर देऊन चालणार नाही, कारण त्यांची अडचण खरी आहे. कंपनीच्या गेटवर पाटी असते, 'अनुभवी पाहिजेत'. नोकरी नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही. ज्याचा मामा कंपनीत साहेब आहे, त्याला खोटे लिहिण्याची गरजच पडत नाही. मग खरेपणा ही वशिला असणाऱ्यांनाच परवडणारी चैन आहे का?

हा प्रश्न नोकऱ्यांच्या बाजारापेक्षा फार जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ साली कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात एका व्यापाऱ्याची गोष्ट आहे. ऱ्होड्स बेटावर धान्याचा दुष्काळ पडला आहे. हा व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याने भरलेले जहाज घेऊन तेथे पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, बेटावरच्या लोकांना नाही. सांगितले तर भाव पडेल, गप्प राहिला तर माल चढ्या भावाने जाईल. त्याने काय करावे? डायोजिनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, मालातला दोष कायदा सांगेल तेवढा सांगावा, फसवू नये, पण माहीत असलेले सगळेच सांगायला तो बांधलेला नाही. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याला काहीही अंधारात ठेवता कामा नये. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूने पडतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच व्यापारी पुन्हा विचारात घेतला. त्यांचे मत असे की तो चालू भावाने विकून गप्प राहिला तर त्याने अन्याय केला असे म्हणता येत नाही, मात्र त्याने सांगितले तर ते अधिक मोठ्या सद्गुणाचे लक्षण ठरेल. परंतु प्रश्न खुद्द मालातल्या दोषाचा असेल तर ते कडक होतात. लंगडा घोडा चपळ म्हणून, मोडकळीला आलेले घर मजबूत म्हणून किंवा नासके अन्न ताजे म्हणून विकता येणार नाही, कारण त्यात घेणाऱ्याचे नुकसान आहे किंवा त्याच्या जिवाला धोका आहे. उघड दिसणारा दोष मात्र, उदाहरणार्थ घोड्याला एकच डोळा असणे, किंमत रास्त असेल तर मुद्दाम सांगण्याची गरज नाही. आणि पुढे ते एक मार्मिक गोष्ट मांडतात. दोष आहे म्हणून त्याची गावभर दवंडी पिटण्याची सक्ती विक्रेत्यावर नाही. दवंडीत नुसता दोष ऐकून लोक पळतील आणि मालातले गुण त्यांना कधी कळणारच नाहीत. पण जो प्रत्यक्ष घ्यायला पुढे येतो, त्याला मात्र सांगितलेच पाहिजे.

माझ्या मते नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींनी ही दवंडी लक्षात ठेवावी. बायोडेटा ही दवंडी आहे. मुलाखत म्हणजे घेणारा समोर येऊन बसणे. दोन्ही ठिकाणी खोट्याला जागा नाही, पण किती सांगायचे याचा नियम दोन्हीकडे सारखा नाही.

दुसऱ्या वर्षाला एखादा विषय राहिला होता, बाबांच्या आजारपणात एक वर्ष वाया गेले, या गोष्टी बायोडेटात ठळक अक्षरांत लिहिण्याची गरज नाही. ते लपवणे नव्हे, ती फक्त दवंडी न पिटणे आहे. मात्र फॉर्मवर तसा रकाना असेल तर तो खरा भरायचा आणि मुलाखतीत विचारले तर सरळ सांगायचे. 'एक विषय राहिला होता, पुढच्या परीक्षेत सोडवला', एवढे एक वाक्य पुरते. आणि कामाशी काहीही संबंध नसलेले घरगुती प्रश्न कोणी विचारले, तर नम्रपणे उत्तर न देण्याचा तुम्हांला अधिकार आहे. गप्प राहणे आणि खोटे बोलणे यांत अंतर आहे.

गुणांची गोष्ट घ्या. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चौघांनी मिळून केलेला असतो आणि प्रत्येकाच्या बायोडेटात तो 'मी बनवला' असा उतरतो. त्याऐवजी 'चौघांचा प्रोजेक्ट, त्यातील वायरिंग आणि पॅनेलचे काम माझे' असे लिहा. ते खरे तर आहेच, शिवाय वाचणाऱ्याला तुमच्याविषयी काहीतरी नेमके कळते. ऑटोकॅड, पीएलसी, सीएनसी अशी रांग लावण्याआधी स्वतःला विचारा, यातले मी स्वतःच्या हाताने काय केले आहे? लॅबमध्ये एकदाच पाहिले असेल तर 'ओळख आहे' असे लिहा. मुलाखत घेणारा सुपरवायझर टेबलावर मायक्रोमीटर ठेवतो आणि म्हणतो, "घे, याचे माप सांग." तेथे कागद मदतीला येत नाही.

काही दोष मात्र थॉमस यांच्या लंगड्या घोड्यासारखे असतात. वेल्डिंगमध्ये सिक्स-जी नावाची चाचणी असते. पाइप ४५ अंशांत घट्ट बसवलेला असतो आणि तो न फिरवता सगळ्या बाजूंनी जोड मारावा लागतो. ज्याने ती चाचणी दिलेली नाही त्याने ती दिल्याचे लिहिले आणि त्याच्या हाताने वाफेच्या पाइपाचा जोड झाला, तर त्या पाइपाजवळ उभा राहणारा कोणी दुसराच असतो. त्याचीही बायको-मुले घरी वाट पाहत असतात. वायरमन, क्रेन चालवणारा, लिफ्टची देखभाल करणारा, या सगळ्यांना हेच लागू आहे. येथे गप्प राहणेसुद्धा चालणार नाही. 'हे मला येत नाही, शिकवा' असे म्हणणे हे येथे कर्तव्य आहे.

कोणी म्हणेल, फादर, माणूस म्हणजे घोडा किंवा धान्याचे पोते नव्हे. अगदी बरोबर. पोत्यातले धान्य उद्या आपोआप चांगले होत नाही, पण आज जे येत नाही ते मुलगा सहा महिन्यांत शिकू शकतो. म्हणूनच त्याच्या बाबतीत खरे सांगणे अधिक सोपे असायला हवे. 'येत नाही' यापुढे त्याला 'अजून' हा शब्द जोडता येतो. खोटा अनुभव लिहिणारा हा शब्दच गमावून बसतो. ज्याने 'येते' असे लिहून दिले, तो दुसऱ्या दिवशी मशीनवरच्या जुन्या कामगाराला 'दाखवा ना' असे कोणत्या तोंडाने म्हणणार? खोट्या कागदाने दार उघडले तरी आत शिकण्याचा रस्ता बंद होतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. कोणाचे काय बिघडले? मालकाचे बिघडले हे आपल्याला चटकन दिसते आणि मालक श्रीमंत आहे म्हणून आपण ते सोडूनही देतो. पण रांगेत आणखी एक मुलगा होता. त्याचेही हात तेवढेच चांगले होते, त्याच्याही घरी कर्ज होते आणि त्याने 'अनुभव नाही' असे खरे लिहिले होते. खोट्या प्रमाणपत्राने जागा गेली ती त्याची. आठव्या आज्ञेत खोट्या साक्षीचा संबंध शेजाऱ्याशी जोडलेला आहे, तो उगाच नव्हे. हा शेजारी आपल्याला ठाऊक नसतो, एवढेच.

खरे लिहिले की नोकरी मिळतेच असे वचन मी देणार नाही. कधी कधी खरे लिहिणारा मागे राहतो. पण अनुभव नसण्याची अडचण खोटे न लिहिताही पुष्कळ कमी करता येते. शिकाऊ उमेदवारांसाठी आपल्या देशात १९६१ पासून कायदा आहे. आयटीआय झालेल्यांना त्याखाली कारखान्यात प्रशिक्षण आणि दरमहा विद्यावेतन मिळते. २०१६ साली सुरू झालेली नॅप्स योजना त्यासाठीच आहे, तर डिप्लोमा आणि पदवी झालेल्यांसाठी नॅट्स आहे. प्रशिक्षण संपल्यावर त्याच कंपनीत नोकरी मिळेलच अशी हमी नसते, हे आधीच समजून घ्यावे. पण हातात येतो तो खरा अनुभव. आणि काकांचा गाळा आहेच, तर काकांकडून नुसते लेटरहेड कशाला घेता? तीन महिने तेथे सकाळी आठला जा, हात काळे करा आणि तीन महिन्यांचेच प्रमाणपत्र घ्या. खोट्या एका वर्षापेक्षा खरे तीन महिने मुलाखतीत जास्त बोलतात.

खरेपणाचे ओझे फक्त बेकार मुलाच्या खांद्यावर टाकणे हाही अन्याय आहे. नोकरी देणारासुद्धा एक विक्रेता आहे, तो नोकरी विकत असतो. त्यातले छुपे दोष त्यानेही सांगितले पाहिजेत. पगार हातात किती येणार, तास किती, ओव्हरटाइमचे काय, बाँड आहे का, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणार का? मुलांनो, हे प्रश्न विचारणे उद्धटपणा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनीही नेमणूकपत्राचा आग्रह धरला आहे. ते मागून घ्या आणि सही करण्यापूर्वी वाचा.

आपल्या धर्मग्रामातील काही जणांचे वालीव, सातिवली, गोखिवरे भागांत गाळे आहेत. त्यांना माझी विनंती आहे. खोटे प्रमाणपत्र देणे ही मदत नव्हे. वर्षाला एका मुलाला किंवा मुलीला खरोखर कामाला ठेवून शिकवणे ही मदत आहे. जे कंपन्यांत नोकरीला आहेत त्यांनी जागा निघाल्याची बातमी केवळ भाच्याला न सांगता चर्चच्या सूचनाफलकावरही लावावी. वशिला थोडा कमी झाला की खरे लिहिणे थोडे स्वस्त होते.

शिफारसपत्रासाठी अनेक जण माझ्याकडेही येतात. त्याबाबत माझा नियम येथे सांगून ठेवतो. मुलगा किती वर्षे ओळखीचा आहे, दिलेले काम वेळेवर करतो का, पैशाचा हिशेब चोख देतो का, हे मला माहीत असेल तर मी आनंदाने लिहून देईन. त्याला लेथ चालवता येते की नाही हे मी लिहिणार नाही, कारण ते मला माहीत नाही. पत्र थोडे लहान होईल. पण त्यातल्या प्रत्येक शब्दाबद्दल कंपनीतून फोन आला, तर मला तोच शब्द पुन्हा उच्चारता येईल. आपल्या बायोडेटातल्या प्रत्येक ओळीचीही अशीच परीक्षा घ्या. जी ओळ समोरच्याच्या डोळ्यांत पाहून उच्चारता येईल ती ठेवा, बाकीची खोडा.

यंदा नोकरीच्या शोधात निघालेल्या सर्व मुलामुलींना मनापासून शुभेच्छा आणि आशीर्वाद.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू