खांबावरच्या माणसाचं देणं

माझं घर धानोऱ्याला, आणि नोकरी झाली टेलिफोनच्या तारांवर. खांबावर चढलेला माणूस एकाच विश्वासावर काम करतो: हातातल्या तांब्याच्या जोडीवर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट असतील, घंटा वाजताना पाऊणशेच्या आसपास, पण कुणाच्या घरातले २३० व्होल्ट तिथे यायचे नाहीत. आयएसडीएन आलं, मोडेम आले, लाइनवरच्या उपकरणाला घरच्या विजेचा प्लग लागला, तेव्हा या विश्वासावरचा भार वाढला.

म्हणून अशा उपकरणांना विजेच्या अटी असतात. मेन्स आणि लाइन यांच्यामधलं इन्सुलेशन किती दाब सोसतं, जवळपास वीज कोसळली तर तारेतून आलेला झटका उपकरण कसं झेलतं, हे तपासतात. २०१७ साली भारतीय तार (टेलिग्राफ) नियमांत दुरुस्ती होऊन आपल्याकडे ही तपासणी सक्तीची झाली, १ ऑक्टोबर २०१९ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली. त्यातल्या कितीतरी अटी विकत घेणाऱ्यासाठी नाहीतच. त्या खांबावरच्या माणसासाठी आहेत, ज्याचं तोंड उपकरण बनवणाऱ्यानं कधी पाहिलेलं नाही.

मग दंडाच्या भीतीनं पाळलेला असा नियम धर्मात मोडतो का? कीर्तनात ऐकत आलो, भाव हवा. देवापुढे ते खरंच आहे. पण निर्मळ मनाच्या माणसानं इन्सुलेशन कच्चं ठेवलं तर लाइनमन मरतो, आणि भिऊन का होईना कुणी ते नीट केलं तर तो संध्याकाळी घरी जेवायला येतो. गीता फळाची आशा सोडायला सांगते, ती आपल्या फळाची. दुसऱ्याच्या वाट्याला येणारं फळ वाऱ्यावर सोडायची मुभा मला तिच्यात दिसत नाही.

तरी भावाचं काम उरतंच. प्रयोगशाळेत नमुना तपासतात, पुढचा प्रत्येक नग कुणा एकट्याच्या हातून जातो. एक्स्चेंजमध्ये तारा जिथे येऊन जोडतात त्या एमडीएफवर, विजेचा झटका जमिनीत उतरवणारी जीडी ट्यूब बसवली की जागा रिकामीच ठेवली, हे रस्त्यावरून दिसत नाही. चैत्र-वैशाखात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, रोध वाढतो. तिथे पाणी घालायची आठवण कुठलं परिपत्रक रोज देणार? आमच्याकडच्या भिल्ल पाड्यांवर वाघदेवाला पुजतात ते साऱ्या गावासाठी, गुराढोरांसकट. खड्ड्यात पाणी ओतणं मी त्याच पूजेत धरतो.

आता फायबर येतंय, काचेतून वीज वाहत नाही. तांब्याच्या जोड्या मात्र अजून सगळ्या उतरलेल्या नाहीत, आणि बाजारात तपासणीची खूण नसलेले स्वस्त अडॅप्टर मिळतात. कुणी दाखवायला आणला तर मी तो परत करायला लावतो.