श्वास कोणाचा?

आपण म्हणतो, 'मी नाम घेतो.' नामाला श्वास लागतो. मग तो श्वास तरी आपण घेतो का? साधकाने या प्रश्नाचा विचार करावा, आणि त्यासाठी छातीच्या आत काय चालते ते आधी पाहावे.

फुप्फुसाला स्वतःहून फुगता येत नाही. हवा ओढणारा स्नायू त्याच्यापाशी नाहीच. त्याच्या खाली घुमटाच्या आकाराचे श्वासपटल असते. आपण शांत बसलेलो असताना ते जेमतेम एक-दीड सेंटिमीटर खाली सरकते आणि फासळ्या किंचित वर उचलल्या जातात. छातीची पोकळी वाढते, फुप्फुसातला दाब उतरतो. किती? साधारण एक सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा भार असेल तितकाच. एवढ्यावर सुमारे अर्धा लिटर हवा आपणहून आत येते. आपण फक्त जागा करतो. ती भरणारा बाहेर आहे.

प्रयत्न मोठा की कृपा, हा वाद जुना आहे. श्वासाकडे पाहिले तर दोन्ही कळतात. श्वासपटल हलले नाही तर जागा होत नाही, आणि ते कितीही हलले तरी हवा निर्माण करू शकत नाही. मिनिटाला १५ श्वास धरले तर अहोरात्रात २१,६०० होतात. योगमार्गात अजपाजपाची हीच संख्या सांगतात. त्यातले बहुतेक श्वास आपल्या नकळत, झोपेतसुद्धा चालतात. मग माळेच्या मोजणीचा अभिमान कोणी धरावा?

श्वास सोडणे तर आणखी सोपे. ताणलेले फुप्फुस आपल्या लवचीकपणाने आपोआप आवरते. पण वर्षानुवर्षे विडीचा किंवा चुलीचा धूर सोसलेल्या फुप्फुसाची ही लवचीकता जाऊ शकते. मग हवा आत येते, पण पुरती बाहेर पडत नाही. चढावर श्वासाची गती वाढते, सोडायला वेळ कमी मिळतो, अडकलेली हवा साठत जाते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. माणूस म्हणतो, 'श्वास घेता येईना.' खरी अडचण सोडण्याची असते.

यावरून 'धरून ठेवू नका, सोडायला शिका' असा उपदेश करणे सोपे आहे. तो धडधाकटांनी स्वतःला करावा. चुलीपुढे बसून ज्या माउलीने जन्मभर घरादाराला भाकरी घातली, तिने स्वतःसाठी काय धरून ठेवले होते?

अशी एखादी माउली दिवेघाटाच्या चढावर कडेला थांबते. शिट्टी वाजवल्यासारखे ओठ आवळून सावकाश श्वास सोडते. त्याने श्वासनलिका उघड्या राहतात, म्हणून डॉक्टरही तसेच सांगतात. पुढे दिंडीत अभंग रंगलेला असतो. अभंगाचा चरण म्हणजे लांबवलेला उच्छ्वास, आणि तोच तिच्यापाशी नाही. दोन अक्षरे निघतात, तिसऱ्याला दम संपतो. तिची सेवा उणी पडली का?

श्वास आपली कमाई असती, तर लांब श्वासाचा गायक मोठा ठरला असता. पण हवा दोघांनाही मिळालेलीच आहे. ज्याला जास्त मिळाली, त्याच्यावर देणे जास्त. म्हणून अशा वेळी मागून रेटू नये. तिचे बोचके आपल्या खांद्यावर घ्यावे, तिला टेकायला दगड शोधून द्यावा, दोन चरण चुकले तरी चुकू द्यावेत. ओठ निळे पडले, बोलता येईना, तर आधी वैद्यकीय पथकाला हाक मारावी. ती हाकही नामाइतकीच पवित्र आहे.

वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, म्हणजे क्षणभर खाली होतात आणि समोरच्याला जागा देतात. छातीतले श्वासपटलही दर श्वासाला हेच करते. घाटात कोणी धापा टाकताना दिसले, तर आपल्यालाही तेवढेच करायचे आहे.

रामकृष्ण हरी.