न धावणाऱ्या मोटारी

"आजोबा, ती चंदेरी गाडी द्या ना, किल्ल्यावर ठेवायला. तुळशीच्या लग्नाला परत देतो."

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी शेजारचा सहा वर्षांचा मुलगा कोपरापर्यंत चिखलाने माखून माझ्या दारात उभा होता. अंगणात मुलांचा किल्ला चढत होता. हळीव पेरून झाले होते, महाराज सिंहासनावर बसले होते, फक्त बुरुजाखालच्या रस्त्याला मोटारीची उणीव होती. (शिवरायांच्या किल्ल्यावर मोटार कशी, हा प्रश्न मुलांना पडत नाही, पडूही नये.)

मी म्हणालो, "ती खेळायची गाडी नाही रे."

"मग कशाची आहे?" त्याने विचारले. मला उत्तर सुचेना, आणि तो हात झटकत निघून गेला.

शर्यतीच्या मोटारींच्या छोट्या प्रतिकृती जमवण्याचा मला छंद आहे. बहुतेक साऱ्या त्रेचाळीसाव्या हिश्शाच्या. म्हणजे साडेचार मीटरची मोटार माझ्या कपाटात जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची होते. तो मुलगा मागत होता ती १९५४ सालची मर्सिडीझ. त्या वर्षी फ्रान्समधील रँस येथे फांजिओ या अर्जेंटिनाच्या चालकाने अशाच मोटारीत बसून शर्यत जिंकली होती. आता गंमत पाहा. धावणे हाच जिचा सारा अर्थ, ती मोटार माझ्या घरी वीस वर्षांत एक वीतही सरकलेली नाही. आणि खऱ्या मोटारींचे तरी काय? त्याच जातीची एक मोटार २०२५ साली लिलावात पाच कोटी अकरा लाख युरोंवर विकली गेली. एवढे मोल देऊन घेतलेली वस्तू कोण वळणावर भरधाव सोडील? तिचेही माझ्या चंदेरी मोटारीसारखेच झाले, फक्त कपाट मोठे.

याच इवल्या मोटारींची दुसरी एक हकीकत मला फार आवडते. लंडनच्या एका कारखान्यातील जॅक ओडेल नावाच्या कारागिराच्या मुलीच्या शाळेत नियम होता, की काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणायचे. बापाने तिला काडेपेटीत मावेल असा पितळेचा रोडरोलर करून दिला. वर्गातल्या सगळ्याच मुलांना तसा हवासा झाला, आणि १९५३ पासून त्या कारखान्याच्या 'मॅचबॉक्स' गाड्या जगभर गेल्या. मुलीच्या खिशातून शाळेत जावे म्हणून जन्मलेले ते खेळणे! आज संग्राहक त्याच गाड्यांना सर्वांत जास्त किंमत केव्हा देतात? गाडी पेटीतून बाहेरच आलेली नसेल तेव्हा.

आमच्या घरात छंद दोन. हिची रांगोळी आणि माझे कपाट. ही पहाटे दोन तास उकिडवी बसून रांगोळी काढते आणि दुपारपर्यंत दूधवाला, पेपरवाला आणि आल्यागेल्यांच्या चपला ती घेऊन जातात. मी एकदा हळहळलो, तर म्हणाली, "अहो, पुसली नाही तर उद्या काढू कुठे?" तिच्यापुढे मी नेहमीच थोडा कंजूष ठरतो.

पण जपणाऱ्याची बाजू अगदीच लंगडी नाही. कुणीतरी जपले म्हणून आजीची पैठणी नातसुनेच्या अंगावर आली. कुणीतरी दप्तरे बांधून ठेवली म्हणून आपल्याला इतिहास लिहिता आला. सारेच खेळून मोडून टाकले असते तर मागच्यांच्या हाती काय लागले असते? हे मी स्वतःला पुष्कळदा सांगत आलो आहे. मात्र पैठणी नेसवण्यासाठी ठेवलेली असते. मी माझ्या गाड्या कुणासाठी ठेवल्या आहेत, हे मला सांगता येत नाही.

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९६४ साली बोटीवर नोकरी करणाऱ्या मामाने मला विलायतेहून हिरवी व्हॅनवॉल आणून दिली. माझ्या संग्रहातली ती पहिली. धाकटा भाऊ तेव्हा सहा वर्षांचा. त्याने ती ओट्यावरून पळवली, ती पायऱ्यांवरून खाली गेली आणि पुढचा आस वाकला. मी त्याच्या थोबाडीत दिली आणि कपाटाला हात लावायचा नाही असे बजावले. ती बंदी मी पुढे कधी उठवल्याचे मला आठवत नाही. आज तो सदुसष्ट वर्षांचा आहे, नातवंडांचा आजोबा आहे. घरी आला की कौतुकाने कपाटासमोर उभा राहतो, "दादा, ही नवी दिसते," म्हणतो, पण दोन्ही हात पाठीमागे बांधून. मी हे कितीतरी वर्षे पाहत होतो. ते माझ्या ध्यानात आले गेल्या दिवाळीत, त्या मुलाने विचारल्यावर.

त्याच आठवड्यात साफसफाईला कपाट उघडले. १९९६ साली घेतलेली एक लाल मोटार, जिला मी धुळीखेरीज कशाचा स्पर्श होऊ दिला नव्हता, ती उचलली तर दाराशी बारीक भेगा आणि टप फुगलेला. जस्ताच्या मिश्रधातूत ओतताना शिशाचा अंश राहिला तर असे होते. धातू आतल्या आत पोखरत जातो, दमट हवेत अधिकच, आणि त्याला उपाय नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कितीतरी खेळण्यांचा असाच काचेआड भुगा झाला आहे. शेजारीच ती हिरवी व्हॅनवॉल उभी होती. रंग उडालेला, आस वाकडा, पण धातू खणखणीत.

मी ती उचलून किल्ल्यापाशी नेऊन दिली. हे औदार्य म्हणू नका. चंदेरी देण्याचा धीर झाला नाही म्हणून मोडकी दिली, एवढेच. मुलाला त्याचे काही नव्हते. त्याने ती जमिनीवर ठेवून ढकलली. वाकड्या आसामुळे ती डावीकडे वळून थेट महाराजांच्या पायथ्याशी जाऊन थांबली. "हिला वळता येतं!" तो ओरडला.

तुळशीच्या लग्नानंतर त्याने ती इमाने परत आणून दिली. चाकांत चिखल आहे तो मी काढलेला नाही. यंदा पाडव्याला भाऊ येणार आहे. कपाटाची किल्ली मी टेबलाच्या खणातून काढून कुलपालाच लावून ठेवली आहे. त्याला काय सांगायचे ते मात्र अजून ठरलेले नाही. साठ वर्षांनी असे एकदम "घे रे, हातात घे" म्हणायचे, म्हणजे तोच दचकायचा.