एकान्ताची भाकरी

एका पावसाळ्यात आम्ही काही लेखनप्रेमी मंडळी सहकुटुंब दोन दिवस लोणावळ्यास जमलो होतो. सकाळी प्रत्येकाने एकटे बसून लिहावे-वाचावे आणि सायंकाळी एकत्र येऊन सुचलेले ऐकवावे, असे ठरले होते. पहिल्या सायंकाळी मात्र लेखन बाजूला राहिले. आमच्यापैकी बहुतेक जण वसईकडचे. कोणीतरी होडीतून पाहिलेल्या डॉल्फिनची गोष्ट काढली आणि लहानथोर सारेच तिच्यात रंगले. घाटमाथ्यावर बसून समुद्राच्या गप्पा! पण ते तितके विसंगतही नव्हते. याच डोंगरांवर पावसाची वाटणी होते. पूर्वेकडचे पाणी इंद्रायणीतून तुळापूरला भीमेस मिळते. पश्चिमेकडचे उल्हास नदीतून आमच्या वसईच्या खाडीत उतरते.

डॉल्फिन हा मासा नव्हे, सस्तन प्राणी. आपला श्वास आपोआप चालतो. त्याला मात्र पाण्यावर येऊन प्रत्येक श्वास जाणीवपूर्वक घ्यावा लागतो. म्हणून झोपेतही त्याचा अर्धा मेंदू जागा असतो. बॉटलनोज जातीच्या प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची वेगळी शीळ असते, हे मेल्बा व डेव्हिड कॉल्डवेल या संशोधक दांपत्याने १९६५ साली दाखवून दिले. पिल्लाची ही शीळ भोवतालचे आवाज ऐकत ऐकत घडते. म्हणजे त्याची सर्वांत खासगी खूणसुद्धा त्याला इतरांच्या सहवासातच लाभते. आम्ही लिहिणारे ‘माझा स्वतःचा सूर’ म्हणून ज्याचा अभिमान बाळगतो, त्याची कथा याहून निराळी आहे काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्यातील एक भगिनी शांतपणे म्हणाल्या, “तुम्हा सर्वांचा एकान्त छान झाला. आम्ही मात्र दोन्ही सकाळी स्वयंपाकघरात होतो. आमचा एकान्त कोणत्या वेळापत्रकात आहे?” कोणालाच उत्तर सुचले नाही. लेखाचा विषय आम्हांस त्या क्षणी मिळाला. एकान्त हा आपला हक्क, की दुसऱ्याने आपल्यासाठी उचललेल्या ओझ्याचे फळ?

मावळात या प्रश्नाचे साक्षीदार जागोजाग आहेत. सतराव्या शतकात तुकोबा भंडारा डोंगरावर एकान्तात बसत. त्यांची भाकरी घेऊन जिजाई डोंगर चढत असे, असे परंपरा सांगते. अभंग आपण आजही गातो. त्या पायपिटीचे गाणे सहसा कोणी गात नाही. मात्र तुकोबांचा एकान्त डोंगरावरच राहिला नाही. तो कीर्तनात उतरला, टाळकऱ्यांच्या कंठात शिरला. गाथा इंद्रायणीत बुडविली गेली तरी ती लोकांच्या मुखी तरली, असे म्हणतात ते याचमुळे.

कार्ल्याच्या लेण्यांतही हेच दिसते. भिक्षूंसाठी एकेकट्याने राहावयाच्या लहान खोल्या, आणि सर्वांनी जमण्यासाठी भव्य चैत्यगृह. दोन्ही एकाच खडकात कोरलेली. तेथील ब्राह्मी लेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटचा गंधविक्रेता सिंहदत्त आहे, सामी नावाचा सुतार आहे, खांब देणारे यवनही आहेत. भिक्षूची शांतता कित्येकांच्या कष्टाने व दानाने उभी राहिली होती. ज्यांनी छिन्नी चालविली त्यांपैकी बहुतेकांची नावे मात्र खडकावर नाहीत.

प्रभू येशूही पहाटेच्या अंधारात एकान्त स्थळी प्रार्थनेस गेला. शिष्य शोधीत आले तेव्हा तो उठला आणि लोकांकडे निघाला. एकान्ताची कसोटी परतण्यात आहे. परतताना आपण काय घेऊन येतो, आणि आपल्या वाटणीचे काम इतका वेळ कोणी केले हे आपल्याला दिसते की नाही, यावर त्याचे मोल ठरते.

कसोटीची आणखी एक बाजू आहे. आपल्याला जो एकान्त हवा, तो आपण इतरांना देतो काय? कोकणच्या किनाऱ्यावर डॉल्फिन दिसला की इंजिनाच्या होड्या त्याच्याभोवती गोळा होतात. जो प्राणी आवाजावर जगतो, त्याच्या कानाशी आपण आपल्या कौतुकाचा गोंगाट करतो. मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने डॉल्फिनच्या खेळांसाठी मत्स्यालये उभारण्यास परवानगी देऊ नये, असे राज्यांना कळविले. हे योग्यच झाले. पण खुल्या समुद्रातही दुरून पाहण्याचा संयम कायद्याने येत नाही. तो प्रेमानेच यावा लागतो. घरातल्या माणसांच्या बाबतीतही तेच.

त्या दुपारी चहा आम्ही पुरुषांनी केला. तो फारसा चांगला झाला नव्हता. त्या भगिनी मात्र वही घेऊन व्हरांड्यात एकट्याच पावसाकडे पाहत बसल्या होत्या, आणि त्यांना कोणीही हाक मारली नाही.